बळसाण्याची भग्न मंदिरे आणि खान्देशातील मांडलिक घराणी

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे गाव सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक आणि मिरचीची बाजारपेठ म्हणून सर्वपरिचित आहे. या गावाच्या नैर्ऋत्येस, साक्री तालुक्याच्या हद्दीत वसलेले बळसाणे हे खेडे मात्र इतिहासाच्या अभ्यासकांना निराळ्याच कारणाने महत्त्वाचे वाटत आले आहे. या खेड्यात काळ्या पाषाणातील प्राचीन देवळांचा एक समूह भग्नावस्थेत उभा असून त्यात तीन गाभाऱ्यांचे एक मोठे देवालय, काही लहान देवळे आणि साधूंच्या निवासासाठी व अध्ययनासाठी बांधलेला एक मठ यांचा समावेश होतो. बळसाण्याला आज येणारे बहुसंख्य यात्रेकरू तेथील विमलनाथांच्या जैन तीर्थाच्या दर्शनासाठी येतात, आणि त्यांपैकी अनेकांची पावले जवळच असलेल्या या पडक्या देवळांकडे वळत नाहीत. वस्तुतः खान्देशाच्या अकराव्या ते तेराव्या शतकांतील राजकीय, धार्मिक व आर्थिक जीवनाविषयी जी थोडी साधने हाती उरली आहेत, त्यांत बळसाण्याच्या या अवशेषांचे स्थान फार वरचे आहे.

हे अवशेष याच भागात का आढळतात हे समजण्यासाठी प्रथम भूगोल ध्यानात घ्यावा लागतो. उत्तरेला सातपुडा, पश्चिमेला सह्याद्रीची रांग आणि त्यांच्यामधून पश्चिमेकडे वाहणारी तापी अशी खान्देशाची रचना असून, पांझरा, बुराई, अमरावती यांसारख्या नद्या दक्षिणेकडून येऊन तापीला मिळतात. या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन शेतीला उत्तम, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दख्खनच्या पठारावरून गुजरातकडे व माळव्याकडे जाणाऱ्या वाटा याच खोऱ्यांतून जात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शक ग्रंथात पैठण आणि तेर येथील माल खडतर वाटांनी गाड्यांवरून भडोचच्या बंदरात पोहोचत असल्याचे नमूद आहे, आणि हा माल पुढे रोमन साम्राज्यातील बाजारांत जात असे. ज्या काळी रोमन सत्तेखालील प्रदेशात संगमरवराच्या आणि चुनखडी दगडाच्या भव्य देवळांचे समूह उभे राहत होते, त्या काळी खान्देशच्या दक्षिण सीमेवरील पितळखोऱ्यात पैठणच्या व्यापाऱ्यांच्या दानांतून कोरलेली बौद्ध लेणी नांदती होती. व्यापारी मार्ग आणि धर्मस्थान यांचे हे साहचर्य पुढे हजार वर्षांनी, लेण्यांची जागा बांधीव देवळांनी घेतल्यावरही, खान्देशात कायम राहिले.

बांधकामाचा दगडही याच भूमीने पुरवला. दख्खनच्या लाव्हारसापासून बनलेला बेसाल्ट, म्हणजे सामान्य बोलीतील काळा पाषाण, येथे सर्वत्र मिळतो. शिवाय धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत जमिनीच्या भेगांमधून वर चढून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती, ज्यांना भूशास्त्रज्ञ ‘डाइक’ म्हणतात, मैलोन्‌मैल पसरलेल्या दिसतात आणि दुरून पाहणाऱ्याला त्या मानवनिर्मित तटबंदीसारख्या वाटतात. बेसाल्ट हा अत्यंत कठीण दगड असल्याने तो घडवण्यास संगमरवरापेक्षा अधिक श्रम पडतात, पण एकदा घडवल्यावर त्यावरील नक्षी आठशे-नऊशे पावसाळे सोसूनही बऱ्याच अंशी शाबूत राहते, याची साक्ष बळसाण्याचे स्तंभ आणि द्वारशाखा देतात.

बळसाण्यातील मुख्य देवालय त्रिगर्भी आहे, म्हणजे एकाच सभामंडपाला तीन बाजूंनी तीन गाभारे जोडलेले असून चौथ्या बाजूने प्रवेश होतो. या प्रकाराला अभ्यासक ‘त्रिदल’ किंवा ‘त्रिकूट’ रचना म्हणतात. अशा रचनेत मंडप हा केवळ गाभाऱ्यापुढील ओसरीसारखा न राहता साऱ्या वास्तूचा मध्य बनतो, कारण तिन्ही देवतांचे दर्शन तेथूनच घडते आणि भजन, पुराणश्रवण, नृत्यसेवा यांसाठीही तीच जागा उपयोगी पडते. मंडपाचे छत तोलणाऱ्या स्तंभांच्या खांद्यांवर, म्हणजे शीर्षाच्या भागी, हात उंचावून छताचा भार पेलणाऱ्या बुटक्या यक्षसदृश आकृती कोरण्याची या काळातील देवळांत प्रथा होती व त्या आकृतींना ‘कीचक’ असे नाव आहे. गाभाऱ्याची चौकट एकात एक बसवलेल्या अनेक उभ्या पट्ट्यांनी सजवलेली असते. त्या पट्ट्यांना ‘द्वारशाखा’ आणि चौकटीच्या माथ्यावर मध्यभागी कोरलेल्या देवताप्रतिमेला ‘ललाटबिंब’ म्हणतात. मूळ मूर्ती नाहीशी झालेल्या देवळाचा संप्रदाय ठरवताना या द्वारशाखा, ललाटबिंब आणि बाह्य भिंतीवरील देवकोष्ठे, म्हणजे मूर्ती बसवण्याचे कोनाडे, यांचाच आधार प्रथम घ्यावा लागतो.

बांधकामाची पद्धत विशेष लक्ष देण्याजोगी आहे, कारण देवळांच्या वैभवाचे आणि त्यांच्या पडझडीचेही कारण तिच्यातच सापडते. दगड घडवून एकावर एक चपखल बसवायचे, सांध्यात चुना घालायचा नाही, आणि दगडाचे वजन व खाचा यांच्यावरच साऱ्या इमारतीचा तोल राखायचा, अशी ही शुष्कसांधी रचना आहे. छतासाठी खरी कमान वापरलेली नसते. चौकोनाचे कोपरे आडव्या शिळांनी कापत कापत प्रथम अष्टकोन आणि मग वर्तुळ साधले जाते, आणि प्रत्येक वरचा थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवून शेवटी मध्यभागी एक शिळा बसवून छत मिटवले जाते. भिंतीच्या आतील आणि बाहेरील बाजू उत्तम घडीव दगडांच्या असतात, परंतु त्या दोहोंमधील पोकळी अनघड दगडगोट्यांनी भरलेली असते. छताच्या फटींतून पावसाचे पाणी या पोकळीत मुरू लागले, किंवा वड-पिंपळाचे मूळ तिच्यात शिरले, की आतील भराव खचतो, बाहेरच्या घडीव दगडांना पोट येते आणि हळूहळू भिंतीचा दर्शनी भाग सुटून पडतो. शिखराचा भार प्रचंड असल्याने असमान खचलेल्या भिंतीवर तो टिकत नाही. म्हणूनच या काळातील असंख्य देवळांचे गाभारे उभे असले तरी शिखरे मात्र नाहीशी झालेली दिसतात. एखादे देऊळ पडले म्हणजे ते कोणीतरी पाडलेच असले पाहिजे, हा समज त्यामुळे प्रत्येक वेळी तपासून घ्यावा लागतो.

शैलीच्या दृष्टीने ही देवळे एका विस्तृत कुटुंबातील आहेत. माळव्यातील परमार राजांच्या आश्रयाने अकराव्या शतकात ‘भूमिज’ नावाची मंदिररचना बहरास आली, जिच्यात शिखराच्या चारही बाजूंच्या मध्यावरून नक्षीचे चार उभे पट्टे कळसापर्यंत चढत जातात आणि त्यांच्यामधील भागांत लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती आडव्या-उभ्या ओळींत रचलेल्या असतात. परमार राजा उदयादित्य याने बांधवलेले मध्य प्रदेशातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर, शके ९८२ (इ.स. १०६०) चा शिलालेख असलेले शिलाहारांचे अंबरनाथ येथील शिवालय, सिन्नरचे गोंदेश्वर आणि मालेगाव तालुक्यातील झोडगे येथील माणकेश्वर ही या शैलीची प्रसिद्ध उदाहरणे होत. माळव्यातून दख्खनकडे येणारी वाट खान्देशातूनच येत असल्याने शिल्पी, त्यांची मोजमापे आणि त्यांच्या शैलीचे संकेत या प्रदेशातून दक्षिणेकडे सरकले असणे स्वाभाविक आहे, आणि बळसाण्याचा समूह हा या प्रवाहाच्या वाटेवरील एक महत्त्वाचा टप्पा मानावा लागतो.

बळसाण्याचे खरे वैशिष्ट्य तेथील मठात आहे. या काळातील देवळे महाराष्ट्रात शेकडोंनी सापडतात, परंतु देवळाच्या सोबतची निवासी वास्तू टिकून राहिल्याची उदाहरणे थोडी आहेत. मठाची रचना एक दालन आणि त्याला लागून असलेल्या खोल्या अशी असून, तिथे राहणारे आचार्य व शिष्य देवपूजेबरोबर शास्त्रांचे अध्ययन-अध्यापन करीत असावेत असे तत्कालीन इतर लेखांच्या आधारे म्हणता येते. बळसाण्यात शके ११०६ (इ.स. ११८४-८५) चा एक संस्कृत शिलालेख मिळाला असून त्यात कृष्ण नावाच्या राजाचा आणि ‘राजमठा’चा उल्लेख आहे. राजमठ म्हणजे राजाश्रयाने चालणारा मठ. त्यामुळे बळसाणे हे केवळ एखाद्या श्रीमंत गावकऱ्याच्या भक्तीतून उभे राहिलेले स्थान नसून सत्ताधारी घराण्याने जाणीवपूर्वक पोसलेले धर्मकेंद्र होते, हे स्पष्ट होते.

हा कृष्ण राजा ज्या आभीर घराण्यातील मानला जातो, त्याची राजधानी भंभागिरी येथे होती, आणि हे भंभागिरी म्हणजे साक्री तालुक्यातीलच निजामपूरजवळचा भामेर किल्ला, असे अभ्यासक मानतात. भामेरच्या डोंगरावर खडकात खोदलेल्या गुहा आणि पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात. आभीरांचे म्हणजेच अहिरांचे या प्रदेशाशी असलेले नाते खान्देशाच्या अहिराणी बोलीच्या नावातही टिकून आहे. या घराण्यावर शेवटचा आघात देवगिरीच्या यादवांनी केला. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करणाऱ्या दुसऱ्या सिंघण यादवाच्या पराक्रमांच्या यादीत भंभागिरीचा अधिपती लक्ष्मीदेव याच्या पाडावाचा समावेश होतो, आणि सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे आंबेजोगाई येथील लेखही या विजयाची नोंद करतात.

भामेरचे आभीर हे खान्देशातील एकमेव छोटे घराणे नव्हते. चाळीसगावजवळील वाघळी येथील शके ९९१ (इ.स. १०६९) च्या लेखात मौर्य कुळातील गोविंदराज या मांडलिकाची माहिती मिळते, जो यादव राजा दुसरा सेऊणचंद्र याच्या अधीन होता. त्याच परिसरातील पाटण, म्हणजे आजचे पाटणादेवी, येथे निकुंभ घराण्याची सत्ता होती. पाटणच्या शके ११२८ (इ.स. १२०६) च्या शिलालेखावरून कळते की, थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभ राजा सोईदेव याने त्याला दान दिले. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. या लेखाच्या अखेरच्या भागातील मजकूर जुन्या मराठीत असून, पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून आणि तेलाच्या घाण्यांतून मठाला काय मिळावे याचे नियम त्यात दिले आहेत. बळसाण्याचा राजमठ आणि पाटणचा विद्यामठ यांचा काळ जवळजवळ एकच आहे, आणि एकाचा लेख दुसऱ्याचे स्वरूप समजण्यास मोठी मदत करतो: राजाचे दान, बाजारातील उत्पन्नाचा वाटा आणि गावातील कारागिरांचे नियमित देणे या तीन आधारांवर अशी संस्था चालत असे.

ही घराणी आणि त्यांचे लेख डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे ‘हेमाडपंती’ या सरसकट ओळखीची मर्यादा ध्यानात येते. हेमाद्री पंडित हा महादेव यादव (इ.स. १२६१–१२७१) आणि रामचंद्र यादव (इ.स. १२७१–१३११) यांच्या दरबारात करणाधिप, म्हणजे राज्याच्या लेखनविभागाचा प्रमुख अधिकारी होता व ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा त्याचा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध आहे. लोकपरंपरेने महाराष्ट्रातील चुन्याविना बांधलेली बहुतेक जुनी देवळे त्याच्या नावावर जमा केली. परंतु वाघळीचा लेख हेमाद्रीच्या काळाच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा, तर बळसाण्याचा लेख पाऊणशे वर्षे आधीचा आहे. शिवाय बळसाण्याच्या मठाशी निगडित असलेला राजा यादवांच्या मंत्रिमंडळाशी नव्हे, तर यादवांनी पुढे नामशेष केलेल्या एका स्थानिक घराण्याशी संबंधित आहे. सारे श्रेय एका मंत्र्याला दिल्याने ज्या राजांनी, ज्या गावांनी आणि ज्या अनाम पाथरवटांनी ही देवळे उभारली, त्यांचा इतिहास पुसला जातो. खान्देश म्हणजे देवगिरीच्या राज्याचा केवळ उत्तरेकडील पट्टा, ही कल्पना या अवशेषांपुढे टिकत नाही. येथे स्वतःचे राजे, स्वतःची विद्यापीठे आणि स्वतःची बांधकामपरंपरा असलेला एक जिता-जागता प्रदेश होता.

हे वैभव कसे लोपले, याचे उत्तरही एका कारणात सापडत नाही. लक्ष्मीदेवाच्या पाडावाने राजमठाचा मूळ आश्रयदाता गेला, इ.स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि पुढील पाव शतकाच्या आत यादवांचे राज्य संपुष्टात आले. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तापीकाठच्या थाळनेरहून फारुकी घराण्याने खान्देशात आपली सत्ता रुजवली, आणि इ.स. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेल्यावर हा प्रदेश मोगल साम्राज्याचा सुभा झाला. प्रत्येक सत्तांतरात जुनी दाने बंद पडली किंवा दुसरीकडे वळली. उत्पन्न थांबले की छताची डागडुजी थांबते, डागडुजी थांबली की पाणी मुरते, आणि मग वर वर्णिलेली पडझड सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या लुटालुटीने आणि इ.स. १८०३-०४ च्या भीषण दुष्काळाने खान्देशातील गावेच्या गावे ओस पडली. अशा वेळी पडक्या देवळाचा घडीव दगड घरासाठी, विहिरीसाठी वा पारासाठी उचलला जाणे ही साऱ्या महाराष्ट्रात घडलेली गोष्ट आहे.

भग्न देवालयांची ही गती जगभर सारखीच राहिली आहे, आणि या संदर्भात लेबनॉनमधील बालबेक येथील रोमन मंदिरसमूहाचे उदाहरण बोधप्रद ठरते. तेथील ज्युपिटरच्या महामंदिराभोवती एकेकाळी ५४ प्रचंड स्तंभ होते, त्यांपैकी आज केवळ सहा उभे आहेत. मंदिराच्या प्रांगणात पुढे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर बांधले गेले, त्यानंतर अरब सत्ताधीशांनी साऱ्या परिसराला किल्ल्याचे रूप दिले, आणि स्तंभांचे दगड एकमेकांशी जखडण्यासाठी वापरलेल्या धातूसाठीही लोकांनी स्तंभ फोडले. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन संशोधकांनी तेथे पद्धतशीर उत्खनन व मोजणी केली, पडलेल्या दगडांची नोंद झाली, आणि १९८४ मध्ये बालबेकचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. आज तेथे जाणाऱ्या अभ्यागताला कोणता दगड कोणत्या काळातील आहे आणि कोणत्या जागेवरून पडला आहे, हे समजू शकते. बळसाणे आणि बालबेक यांच्या आकारमानात तुलना संभवत नाही, परंतु अवशेष वाचण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच आहे: उभ्या भिंतीइतकेच आडव्या पडलेल्या दगडाला महत्त्व द्यावयाचे.

बळसाण्याच्या नोंदीचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. १८८० च्या खान्देश गॅझेटियरने जिल्ह्यातील प्राचीन स्थळांची विस्तृत नोंद प्रसिद्ध केली. पुरातत्त्व खात्याचे अधिकारी हेन्री कझन्स यांनी १८९७ मध्ये मुंबई इलाख्यातील अवशेषांची यादी छापली आणि दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्यांच्या १९३१ च्या ग्रंथात बळसाण्याची देवळे आराखड्यांसह आली. धुळे येथे १९२७ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने खान्देशातील मूर्ती, कागदपत्रे व हस्तलिखिते यांच्या संग्रहाचे मोठे कार्य केले. बळसाण्याची मंदिरे आज केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. प्राचीन स्मारकांच्या रक्षणाविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असते आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीशिवाय करता येत नाही.

कायदा वास्तूच्या हद्दीचे रक्षण करतो, पण सुटे पडलेले दगड केवळ कायद्याने जपले जात नाहीत, आणि अभ्यासाचे पुढील काम बरेचसे त्याच दगडांवर अवलंबून असते. मध्य प्रदेशातील मुरैना जिल्ह्यात बटेश्वर येथे दगडांच्या ढिगाऱ्यांखेरीज फारसे काही उरले नव्हते. २००५ पासून पुरातत्त्वज्ञ के. के. मुहम्मद यांच्या नेतृत्वाखाली तेथील एकेक शिळा ओळखून, मोजून, मूळ जागी बसवून सुमारे ८० देवळे पुन्हा उभी करण्यात आली. हे शक्य झाले याचे कारण शिळा त्याच आवारात पडून होत्या. चुन्याविना रचलेल्या देवळाचा हा मोठा गुण आहे की त्याचा प्रत्येक दगड विशिष्ट जागेसाठी घडवलेला असतो, आणि सर्व दगड हाती असतील तर त्यांवरील खाचा व नक्षी यांवरून त्याची मूळ जागा पुन्हा ठरवता येते. एखादा कोरीव तुकडा श्रद्धेने शेंदूर लावून गावातील पारावर नेऊन ठेवला, किंवा शोभेसाठी कोणी घरी नेला, तर त्या दगडाची माहिती आणि त्याच्यामुळे कळू शकणारी देवळाची माहिती अशी दोन्ही नष्ट होतात.

बळसाणे पाहण्यास जाणाऱ्या अभ्यागताने म्हणून प्रथम त्रिगर्भी देवालयाच्या मंडपातून तिन्ही गाभाऱ्यांची परस्पर रचना समजून घ्यावी, त्यानंतर बाह्य भिंतीला प्रदक्षिणा घालून तिचे कोन आणि देवकोष्ठे पाहावीत, आणि मठाच्या खोल्यांशी थांबून तेथे आठशे वर्षांपूर्वी चाललेल्या अध्ययनाचा विचार करावा. भामेरचा किल्ला आणि पाटण येथील अवशेष त्याला जोडून पाहिले तर खान्देशाच्या मांडलिक घराण्यांचा इतिहास सलगपणे समोर येतो. दोंडाईचा, साक्री, निजामपूर आणि शिंदखेडा परिसरातील शाळा-महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना या स्थळी नेऊन सुट्या शिळांची छायाचित्रे, मोजमापे व जागा यांची नोंद पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने व मार्गदर्शनाखाली करवून घ्यावी, आणि ग्रामस्थांनी आवारातील एकही दगड जागचा हलू देऊ नये. भामेरच्या राजांची बखर कोणी लिहून ठेवली नाही. त्यांच्याविषयी जे काही कळू शकते ते या शिळांतूनच कळणार आहे, आणि म्हणून त्यांचे जतन हे खान्देशातील प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.